पाळण्यांच्या शेजारचे मैदान

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा शहरात ‘ग्रेट अमेरिका’ नावाचे मनोरंजन पार्क आहे. या पार्कच्या जादा पार्किंगच्या जागेवर फुटबॉलचे स्टेडियम बांधायचे की नाही, हा वाद तिथे २००६ च्या अखेरीस सुरू झाला. २०१० मध्ये मतदारांनी कौल दिला, २०१४ मध्ये स्टेडियम उभे राहिले, तरी वाद मिटला नाही. त्याने फक्त रूप बदलले. ‘फुटबॉल’ म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स हा क्लब, पार्क चालवणारी सीडर फेअर कंपनी, नगर परिषद आणि नागरिक असे चार पक्ष या वादात होते. ज्या जमिनीवरून तो चालला होता, ती तेव्हा शहराच्या मालकीची होती.

सांता क्लारा सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. १७७७ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेले मिशन, त्यानंतर जर्दाळू आणि प्रून यांच्या बागा, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकॉनच्या चिपा, असा या गावाचा प्रवास झाला. इंटेल आणि एनव्हिडिया या कंपन्यांची मुख्यालये इथेच आहेत. एल कॅमिनो रिआल या जुन्या रस्त्यावर भारतीय किराणा दुकाने आणि उपाहारगृहे लागतात. या परिसरात मराठी कुटुंबे किती रुजली आहेत हे सांगायचे तर बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४ चे अधिवेशन शेजारच्या सॅन होजे शहरात भरले होते, एवढे पुरे. २०१० च्या जनगणनेत सांता क्लाराची लोकसंख्या १ लाख १६ हजार होती, आणि नियोजित स्टेडियमची आसने होती ६८ हजारांहून अधिक. निम्मे गाव आत बसून वर जागा उरेल एवढे ते मैदान होते. या प्रमाणातच वादाचे मूळ होते.

ग्रेट अमेरिका पार्क १९७६ च्या मार्चमध्ये सुरू झाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे ते द्विशताब्दी वर्ष होते. हॉटेल व्यवसायातील मॅरियट कंपनीने त्या वर्षी याच नावाची दोन पार्के काढली, एक इथे आणि दुसरे शिकागोजवळ. प्रवेशद्वारातून आत आले की समोर ‘कॅरूसेल कोलंबिया’ हा घोड्यांचा दुमजली पाळणा दिसतो. त्याची उंची १०१ फूट आहे. परिसरातल्या दोन पिढ्यांचे बालपण या पाळण्याभोवती गेले. शाळेची सहल, सुटीतली पहिली नोकरी, मित्रांबरोबरचे पहिले रोलर कोस्टर, सगळ्याचे ठिकाण हेच.

ऐंशीच्या दशकात परिसरातील जमिनीचे भाव चढले आणि मॅरियटला पाळण्यांपेक्षा जमीन मोलाची वाटू लागली. पार्क विकले जाऊन तिथे कार्यालये उभी राहणार, अशी वेळ आली. तेव्हा शहराने पाऊल उचलले आणि १९८५ मध्ये आपल्या पुनर्विकास संस्थेमार्फत पार्कच विकत घेतले. गावातले करमणुकीचे ठिकाण टिकावे म्हणून एखाद्या नगरपालिकेने रोलर कोस्टर विकत घेतल्याची उदाहरणे फार नसतील. पुढे १९८९ मध्ये पाळणे आणि व्यवसाय खासगी कंपनीकडे गेला, जमीन मात्र शहराने राखली. नव्वदच्या दशकात पार्कवर पॅरामाउंटचे नाव लागले, आणि २००६ मध्ये ओहायो राज्यातील सीडर फेअर कंपनीने पॅरामाउंटची पाचही पार्के १२४ कोटी डॉलरना घेतली. शहराला भाड्यापोटी वर्षाला ५० लाख डॉलरहून अधिक मिळत. भाडेकरारात पार्किंगचे हक्कही भाडेकरू कंपनीला दिलेले होते. वाद पेटला तो याच कलमावरून.

सीडर फेअरने पार्क घेतले त्याच वर्षी, नोव्हेंबर २००६ मध्ये, फोर्टीनाइनर्सने सॅन फ्रान्सिस्को सोडून सांता क्लाराला येण्याचा विचार जाहीर केला. क्लबचे नाव १८४९ च्या सोनेशोधकांवरून पडलेले आणि तो १९४६ पासून सॅन फ्रान्सिस्कोचा, त्यामुळे ही बातमी त्या शहराला जिव्हारी लागली. काही दिवसांतच सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ च्या ऑलिम्पिकसाठीची आपली दावेदारी मागे घेतली, कारण तिचा आधारच नव्या स्टेडियमचा बेत होता. क्लबची अडचणही खरी होती. खाडीकाठचे त्याचे मैदान, कॅन्डलस्टिक पार्क, १९६० चे, बोचऱ्या वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आणि जुनाट झालेले. नव्या स्टेडियमसाठी १० कोटी डॉलरचे रोखे काढायला सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९९७ मध्ये निसटती मंजुरी दिली होती, पण तिथे वीटही रचली गेली नाही. डिसेंबर २०११ मध्ये राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरच्या सामन्याच्या रात्री कॅन्डलस्टिकमधली वीज दोनदा गेली. तोवर क्लबचा निर्णय पक्का झालेला होता.

सांता क्लाराची जागा क्लबला का हवी होती, हे नकाशावर बोट ठेवले की कळते. क्लबचे मुख्यालय आणि सरावाचे मैदान १९८८ पासून याच ठिकाणी, पार्कच्या शेजारी होते. रस्त्याच्या मधोमध धावणारी लाइट रेल्वे होती, रेल्वे स्थानक हाकेच्या अंतरावर होते, आसपास हॉटेले आणि कन्व्हेन्शन सेंटर होते. शिवाय पार्किंगची सपाट, मोकळी जागा होती. ती वर्षातले बहुतेक दिवस रिकामी असते, असे समर्थक म्हणत. सीडर फेअरचे म्हणणे उलट होते. पार्कला येणारे कुटुंब गाडीने येते. गाडी लावायला जागा मिळणार नसेल तर ते येतच नाही. सामन्याच्या दिवशी हजारो वाहनांचा लोंढा याच रस्त्यांवर आला तर शरद ऋतूतल्या शनिवार-रविवारचा धंदा बुडेल, आणि बांधकामाच्या दोन-अडीच वर्षांचे काय?

जून २००९ मध्ये नगर परिषदेने क्लबबरोबरचा करारमसुदा ५ विरुद्ध २ मतांनी स्वीकारला. त्यातले आकडे पुढे वर्षभर घरोघर बोलले गेले. स्टेडियमचा अंदाजित खर्च ९३ कोटी ७० लाख डॉलर. त्यात शहराचा थेट वाटा ७ कोटी ९० लाख. त्यातले ४ कोटी २० लाख पुनर्विकास संस्थेचे, २ कोटी विजेचे सबस्टेशन हलवण्यासाठी आणि १ कोटी ७० लाख पार्किंगच्या इमारतीसाठी. आणखी ३ कोटी ५० लाख शेजारच्या हॉटेलांवरच्या विशेष करातून यायचे होते. उरलेली मोठी रक्कम क्लब, त्याची फुटबॉल लीग आणि शहराने स्थापन करायचे ‘स्टेडियम प्राधिकरण’ उभारणार होते. शहराच्या सर्वसाधारण निधीला, म्हणजे पोलिस, अग्निशमन, ग्रंथालये आणि बागा यांच्या पैशाला हात लागणार नाही, हे वचन ठळकपणे दिले गेले.

सबस्टेशनचा खर्च बाहेरच्या वाचकाला कदाचित किरकोळ वाटेल. सांता क्लाराचे वैशिष्ट्य असे की शहराची स्वतःची वीजकंपनी आहे आणि तिचे दर आसपासच्या शहरांपेक्षा स्वस्त असतात. नागरिकांना तिचा अभिमान आहे. एका खासगी क्लबच्या मैदानासाठी त्या वीजकंपनीचे सबस्टेशन हलवायचे, आणि तेही गावाच्या पैशाने, ही गोष्ट अनेकांना खुपली. डोळ्यांसमोरचे खांब आणि तारा हलणार, हे सगळ्यांना समजत होते. कागदावरचे कोट्यवधी डॉलर तसे समजत नाहीत.

सीडर फेअर कोर्टात गेली. कॅलिफोर्नियाच्या पर्यावरण कायद्यानुसार एखाद्या प्रकल्पाला सार्वजनिक संस्थेने मंजुरी देण्यापूर्वी त्याच्या पर्यावरण परिणामांचा अहवाल तयार झाला पाहिजे. करारमसुदा स्वीकारणे म्हणजेच मंजुरी, आणि अहवाल तर अजून प्रमाणित झालेला नव्हता, असा कंपनीचा मुद्दा होता. अपील न्यायालयाने २०११ मध्ये निकाल शहराच्या बाजूने दिला. मसुदा कितीही तपशीलवार असला तरी त्याने शहराचे हात बांधले गेले नव्हते, प्रकल्प नाकारण्याची मोकळीक शहराकडे होती, म्हणून ती मंजुरी ठरत नाही, असा त्याचा आशय. कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही वाचला जातो. नागरिकांच्या बाजूने पाहिले तर मात्र त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. वाटाघाटी पूर्ण होतात, आकडे ठरतात, प्रचार सुरू होतो आणि तरीही कायद्याच्या भाषेत काहीच ठरलेले नसते. अशा वेळी पर्यावरण अहवाल येतो तो झालेल्या विचाराला जोडपत्र म्हणून.

८ जून २०१० रोजी स्टेडियमचा ‘मेझर जे’ हा प्रस्ताव मतदानाला आला. समर्थनाच्या मोहिमेवर क्लबने ४० लाख डॉलरहून अधिक खर्च केले. विरोधकांची ‘सांता क्लारा प्लेज फेअर’ ही नागरिकांची संघटना होती. तिच्याकडे याच्या एक टक्काही पैसा नव्हता. एका बाजूला चकचकीत पत्रके आणि नावाजलेले खेळाडू, दुसऱ्या बाजूला हाताने वाटलेली पत्रके आणि परिषदेच्या सभेत प्रत्येकी काही मिनिटांचे बोलणे. समर्थकांचा युक्तिवाद रोजगाराचा, शहराच्या नावाचा आणि भाड्याच्या उत्पन्नाचा होता. विरोधकांचे प्रश्न जास्त नेमके होते. वर्षाला दहा सामने, मग उरलेल्या साडेतीनशे दिवसांचे काय? खर्च वाढला तर तो कोणाच्या अंगावर? पुनर्विकासाचा पैसा शाळांकडे जायला हवा, तो मैदानाकडे का?

अर्थशास्त्रज्ञांचे मत या विषयावर बरेचसे एका बाजूला झुकलेले आहे. स्टॅनफर्डचे रॉजर नोल यांनी अँड्र्यू झिम्बालिस्ट यांच्यासह १९९७ मध्ये संपादित केलेल्या ‘स्पोर्ट्स, जॉब्ज अँड टॅक्सेस’ या ग्रंथाचा निष्कर्ष असा, की स्टेडियममुळे स्थानिक अर्थव्यवस्थेत भर पडते ती नगण्य. कारण सोपे आहे. कुटुंबाच्या करमणुकीचा पैसा ठरलेला असतो. तो सिनेमाऐवजी किंवा हॉटेलातल्या जेवणाऐवजी सामन्यावर खर्च होतो, नवा पैसा फारसा तयार होत नाही. त्यातही फुटबॉलचे मैदान सर्वात कमी दिवस वापरले जाते. सांता क्लाराच्या बाबतीत आणखी एक बाब होती. तिथे आधीच एक करमणुकीचे ठिकाण होते, वर्षातले कितीतरी अधिक दिवस चालणारे, आणि शहराला नियमित भाडे देणारे.

मतदारांनी ५८ टक्क्यांहून अधिक मतांनी स्टेडियमला होकार दिला. हा कौल नीट समजून घ्यायला हवा. मतदारांनी दिलेला होकार अटींसह होता: शहराच्या वाट्याला मर्यादा आणि सर्वसाधारण निधीला संरक्षण. या अटी कागदावर इतक्या स्पष्ट उतरल्या, त्यात प्रश्न विचारणाऱ्यांचा धाक मोठा होता, असे म्हणणे योग्य ठरेल. हरलेल्या बाजूने जिंकलेल्या बाजूचा करार सुधारला.

पण मतदानानंतर आकडे बदलले. डिसेंबर २०११ मध्ये खर्चाचा अंदाज १०२ कोटी डॉलरवर गेला आणि शेवटी तो १३१ कोटींच्या आसपास पोहोचला. स्टेडियम प्राधिकरणाच्या नावावर ८५ कोटी डॉलरचे कर्ज घेण्याचा आराखडा मंजूर झाला. मतदानाच्या वेळी प्राधिकरणाचा वाटा याच्या निम्म्याहूनही कमी सांगितला गेला होता. कर्ज फेडायचे ते आसनांचे परवाने, नावाचे हक्क आणि क्लबचे भाडे यांतून. आसनाचा परवाना म्हणजे तिकीट नव्हे, तर त्या खुर्चीचे तिकीट दरवर्षी विकत घेण्याचा हक्क. सर्वात महाग परवान्याची किंमत ८० हजार डॉलर होती. लीव्हाय स्ट्राउस या जीन्सच्या कंपनीने २० वर्षांच्या नावासाठी २२ कोटी डॉलर मोजले. कर्जाच्या निर्णयावर पुन्हा मतदान घ्या, म्हणून विरोधकांनी २०१२ च्या सुरुवातीला सह्या गोळा केल्या. शहराने ती मागणी फेटाळली आणि कोर्टानेही शहराचीच बाजू उचलून धरली.

सीडर फेअरने या काळात वेगळीच वाट शोधली. सप्टेंबर २०११ मध्ये तिने पार्क जेएमए व्हेंचर्स या कंपनीला ७ कोटी डॉलरना विकण्याचे जाहीर केले. फोर्टीनाइनर्सही त्या व्यवहारात भागीदार होते. डिसेंबरमध्ये सीडर फेअरने अंग काढून घेतले आणि पार्किंगच्या वाटपावर शहराशी आणि क्लबशी तडजोड केली. १९ एप्रिल २०१२ रोजी स्टेडियमची पहिली कुदळ पडली.

याच वेळी राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, असा एक निर्णय झाला होता, ज्याचा परिणाम या सगळ्या वादापेक्षा खोल झाला. राज्याची तिजोरी रिकामी झाल्याने गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या सरकारने कॅलिफोर्नियातील सर्व पुनर्विकास संस्था बरखास्त केल्या; १ फेब्रुवारी २०१२ पासून त्या संपल्या. या संस्थांची रीत अशी होती, की ठरवलेल्या भागात मालमत्ताकराची जी वाढ होई, ती काउंटी आणि शाळांकडे न जाता त्याच भागाच्या विकासासाठी राहत असे. ती रीत बंद झाली. स्टेडियमसाठी ठेवलेले सुमारे ३ कोटी डॉलर शाळांना द्यावेत की क्लबला, यावर लगेच भांडण लागले, क्लब कोर्टात गेला आणि अखेर तडजोड झाली. मोठी गोष्ट मात्र त्या धामधुमीत मागे राहिली. पार्कची जमीन पुनर्विकास संस्थेच्या खात्यावर होती. संस्था गेली म्हणजे तिची मालमत्ता विकून पैसा शाळा, काउंटी आणि शहर यांच्यात वाटणे क्रमप्राप्त होते.

स्टेडियम २०१४ च्या उन्हाळ्यात उघडले. पहिल्याच उन्हाळ्यात हिरवळ नीट रुजली नाही. पायाखाली ती सुटून येऊ लागल्याने ऑगस्टमध्ये क्लबला प्रेक्षकांसमोरचा सराव अर्ध्यावर थांबवावा लागला आणि मैदानावर नवी हिरवळ अंथरावी लागली. खासगी कक्षांचा उंच मनोरा पश्चिमेला, त्यामुळे सप्टेंबरच्या दुपारी पूर्वेकडच्या खुर्च्या उन्हात भाजून निघतात. दूरचित्रवाणीवर तो भाग रिकामा दिसतो, कारण हजारो डॉलरचे परवाने घेतलेले लोक सावलीसाठी मागच्या मार्गिकांत जाऊन उभे असतात. सामन्याच्या दिवशी समोरचा टॅस्मन ड्राइव्ह वाहनांना बंद होतो. ओढ्याकाठची सॅन टोमस अक्विनो वाट सायकलने कामावर जाणाऱ्यांची नेहमीची. तीही स्टेडियमलगत अडवली जाते आणि वळसा घालावा लागतो.

आवाजाचा प्रश्न इथे आधीपासूनच नाजूक. पार्कने २०१३ मध्ये ‘गोल्ड स्ट्रायकर’ हे लाकडी रोलर कोस्टर सुरू केले. ते बेतण्यापूर्वी शेजारच्या कार्यालयांच्या इमारतींचा मालक आवाजाच्या कारणाने कोर्टात गेला होता. म्हणून पहिल्या मोठ्या उतारावर लाकडी बोगदा बांधून किंकाळ्या आत कोंडल्या. जिथे मुलांच्या किंकाळ्यांसाठी बोगदा बांधावा लागतो, तिथेच पुढच्या वर्षी ६८ हजारांचा जल्लोष आणि रात्रीच्या संगीत मैफली आल्या. शहराने आठवड्याच्या दिवसांत रात्री १० ची मर्यादा घातली. मे २०१७ मध्ये यू-टू या बँडने ती ओलांडली तेव्हा आसपासच्या घरांतून तक्रारी आल्या. क्लबला मर्यादा सैल हवी होती, परिषदेने ती लगेच केली नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये ५० वा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, इथे झाला. स्टेडियमला लागून लहान मुलांच्या सॉकरची मैदाने आहेत. सामन्याच्या तयारीसाठी ती काही आठवडे ताब्यात घेतली गेली, आणि मुलांच्या सॉकर संघटनेने कोर्टात धाव घेतली. सामना झाला, पण गावाच्या मनातून ती सॉकरची मैदाने गेली नाहीत. त्यानंतरच्या काही दिवसांतच महापौर जेमी मॅथ्यूज यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या लिसा गिल्मोर २०१० च्या मोहिमेत स्टेडियमच्या बाजूने पुढे होत्या. महापौर म्हणून त्या क्लबच्या कठोर टीकाकार ठरल्या. मतभेद भाड्याचे होते, पोलिस बंदोबस्ताच्या खर्चाचे होते, हिशेबाच्या कागदपत्रांचे होते. क्लबने भाडे कमी मागितले, तर २०१८ मध्ये लवादाने ते वर्षाला २ कोटी ४७ लाख डॉलरच्या पुढे किंचित वाढवून दिले. २०१९ मध्ये शहराने स्टेडियमच्या व्यवस्थापनाचा क्लबबरोबरचा करार रद्द करण्याची नोटीस दिली. पुढच्या निवडणुकांत क्लबच्या मालकांकडून परिषदेच्या उमेदवारांच्या प्रचारावर लाखो डॉलर खर्च झाले, बहुमत फिरले आणि २०२२ मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी काउंटीच्या नागरी ग्रँड ज्युरीने परिषदेतील बहुमत आणि क्लब यांच्यातील जवळिकीवर ताशेरे ओढले. स्टेडियमने शहराच्या सर्वसाधारण निधीचे दिवाळे काढले नाही, हे खरे, आणि ते नोंदवायलाच हवे. पण सव्वा लाख वस्तीच्या गावाच्या राजकारणात अब्जावधींचा भाडेकरू शिरला, आणि ती किंमत कोणत्याच तक्त्यात आधी मांडली गेली नव्हती.

पार्कच्या जमिनीचे पुढे असे झाले. २०१९ मध्ये शहराने ती सीडर फेअरला १५ कोटी डॉलरना विकली. जून २०२२ मध्ये सीडर फेअरने तीच जमीन गोदामे आणि औद्योगिक इमारती बांधणाऱ्या प्रोलॉजिस या कंपनीला ३१ कोटी डॉलरना विकली आणि पार्क चालवण्यापुरती भाड्याने परत घेतली. तीन वर्षांत किंमत दुपटीच्या वर. १९८५ मध्ये ज्या संकटातून शहराने पार्क वाचवले होते, तेच पुन्हा दारात आले. या वेळी शहराच्या हातात मालकी नव्हती. जमिनीचा वापर बदलायचा तर परवानगी नगर परिषदेचीच लागेल, एवढा अधिकार उरला. सीडर फेअर जुलै २०२४ मध्ये सिक्स फ्लॅग्ज कंपनीत विलीन झाली.

स्टेडियमवर आठ वर्षे चर्चा झाली, मतदान झाले, खटले झाले. पार्किंगच्या एकेका रांगेचा हिशेब मांडला गेला. पार्कखालची शंभराहून अधिक एकर जमीन विकण्यावर मात्र मतदान झाले नाही. पाळण्यांचे काय होणार हा प्रश्न स्टेडियमविरोधकांनी विचारला होता, पण त्यांना धोका स्टेडियमकडून दिसत होता. तो आला जमिनीच्या खातेबदलातून. सार्वजनिक जागेच्या वादात सातबारा कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या खात्यावर आहे, हे सर्वात आधी पाहायला हवे. सांता क्लाराच्या सुजाण आणि तळमळीच्या नागरिकांकडून ते राहून गेले.

जुलै २०२३ मध्ये टेलर स्विफ्टच्या मैफली झाल्या तेव्हा शहराने गंमत म्हणून स्वतःचे नाव दोन दिवस तिच्या नावाशी जोडले. २०२६ च्या फिफा विश्वचषकाचे ६ सामनेही याच मैदानाला मिळाले. स्टेडियमचा भाडेकरार ४० वर्षांचा आहे. शेजारच्या पार्कचा, २०२२ च्या करारानुसार, ६ वर्षांचा. वाढवला तर आणखी ५. म्हणजे १०१ फुटी घोड्यांचा पाळणा तिथे फिरेल तो फार तर २०३३ पर्यंत.